काट्याला शिक्का आहे, ग्लुकोमीटरला का नाही?

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : उपनगरांतले दवाखाने, प्रसूतिगृहं आणि आरोग्य शिबिरं यांत वापरल्या जाणाऱ्या ग्लुकोमीटरची पडताळणी

महोदय,

मुलुंडच्या मंडईत एखाद्या भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन विभागाचा चालू शिक्का नसला, तर त्याच्यावर कारवाई होते. पाव किलो भेंडीमागे गिऱ्हाइकाला दहा ग्रॅमचा फटका बसू नये म्हणून सरकारने केलेली ही तजवीज आहे आणि ती रास्तच आहे. त्याच गिऱ्हाइकाच्या बोटाला सुई टोचून पाच सेकंदांत ‘तुम्हाला शुगर आहे’ असं सांगणारं यंत्र मात्र एकदा दुकानातून बाहेर पडलं, की ते खरं बोलतंय ना, याची वर्षावर्षाला खातरजमा करणारा निरीक्षक नाही. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली ग्लुकोमीटर आता येतो. पण ते नियम कारखानदार, आयातदार आणि विक्रेत्यासाठी आहेत. टेबलावर वर्ष-दोन वर्षं वापरात असलेल्या यंत्राचं काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. तो आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

मी आयुष्यभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम केलं. लॅबच्या माणसांना या चिमुकल्या यंत्राचा राग असतो असा समज आहे. मला तरी त्याचं कौतुकच वाटत आलं आहे. ग्लुकोमीटर हा जगातला सर्वांत जास्त खपणारा बायोसेन्सर. रक्तातल्या असंख्य घटकांच्या गर्दीतून नेमकी साखर ओळखणारा एक जैविक पदार्थ आणि ती ओळख पटल्याची वर्दी विजेच्या भाषेत देणारं एक विद्युतअग्र, अशी ही जोडी. अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये ती कल्पना मांडली. आजही अनेक पट्ट्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते मिळवतात ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून. पावसाळ्यात कांद्याच्या सालीवर काळी बुरशी धरते, तिच्यातलीच ही. पट्टीच्या टोकाशी मायक्रोलिटरभर रक्त आपोआप ओढलं जातं, एन्झाइम साखरेतले इलेक्ट्रॉन काढून घेतं, मधला एक रासायनिक निरोप्या ते विद्युतअग्रापर्यंत पोचवतो आणि किती वीज वाहिली त्यावरून आकडा उमटतो. ज्या कामाला एके काळी अर्धा दिवस आणि एक मोठं यंत्र लागायचं, ते आता असल्फाच्या टेकडीवर चढणाऱ्या आरोग्यसेविकेच्या पिशवीत मावतं. महापालिकेने २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ सुरू केले, रुग्णालयांत असंसर्गजन्य आजारांसाठी वेगळे कोपरे उघडले, तिशीपुढच्या माणसांची रक्तदाब-शुगर तपासणी हाती घेतली. हे सगळं या छोट्या यंत्रामुळेच शक्य झालं.

पण आकडा पटकन मिळतो म्हणून तो पक्का ठरत नाही. ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७ (२०१३), ते शंभर मिलिग्रॅमच्या वरच्या शंभरातल्या ९५ मोजण्यांत १५ टक्के इकडे-तिकडे चालवून घेतं. म्हणजे उपाशीपोटी रक्तात साखर खरोखर १२६ असेल, तर चांगल्यातलं चांगलं यंत्रही १०७ दाखवू शकतं किंवा १४५ दाखवू शकतं, आणि दोन्ही वेळा ते मानकात बसतं. १२६ हीच मधुमेहाच्या निदानाची सीमारेषा आहे, हे आपल्याला सांगायला नको. ज्याला आधीच मधुमेह आहे, तो घरी रोज साखर पाहतो, त्याला एवढा फरक चालतो. कारण तो एका आकड्यावर जगत नाही, आठवड्याचा कल पाहतो. ज्याच्या नशिबी एकाच दिवशी एकच आकडा येतो आणि त्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होते, त्याला तो चालत नाही.

आणि हे झालं चांगल्या यंत्राचं, नीट ठेवलेल्या पट्टीचं, धुतलेल्या बोटाचं. प्रत्यक्षात काय होतं ते गणेशोत्सवात घाटकोपरच्या एका मंडळाच्या शिबिरात पाहिलं. मांडवाच्या कडेला टेबल, टेबलावर पंखा, पट्ट्यांची डबी उघडी. आरती आटोपून लोक रांगेत. एका काकांच्या हातात नुकताच प्रसादाचा पेढा होता. मुलीने त्यांचं बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, टोचलं, आकडा आला २३८. बाजूला उभ्या काकूंनी ‘उद्यापासून घरात गोड बंद’ असं तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. मी त्यांना मांडवामागच्या नळावर नेलं, साबणाने हात धुवून कोरडे करायला लावले आणि दुसऱ्या हाताच्या बोटातून पुन्हा तपासायला सांगितलं. आकडा आला १३१. दोन्ही वेळा यंत्र खरंच बोललं होतं. पहिल्यांदा त्याने काकांच्या रक्ताबरोबर पेढ्यातलीही साखर मोजली, इतकंच. बोटावरचा साखरेचा लेप स्पिरिटने पुसून जात नाही, पाण्यानेच धुवावा लागतो. त्या टेबलापाशी ना पाणी होतं, ना हे सांगणारं कुणी. त्या दिवशी त्या रांगेतले किती जण शुगरचे पेशंट होऊन घरी गेले असतील, कोण जाणे.

डबी उघडी होती, हेही साधं नव्हे. एन्झाइम पट्टीवर सुकवून बसवलेलं असतं आणि ओल हा त्याचा शत्रू. म्हणून तर डबीच्या झाकणात किंवा भिंतीत ओल शोषणारा पदार्थ असतो आणि ‘पट्टी काढताच झाकण लावा’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ती सूचना लिहिणाऱ्याने बोरिवलीचा जुलै पाहिलेला नसतो. इथे आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते आणि डबी सकाळी दहा ते दुपारी दोन उघडी. बहुतेक पट्ट्या तीस अंशांच्या आत ठेवायच्या असतात. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली किंवा दुपारच्या उन्हात सेविकेच्या पिशवीत किती अंश होतात, ते कुणी मोजलं आहे? पट्टी खराब झाली की ती काळी पडत नाही, तिला वास येत नाही. ती फक्त चुकीचा आकडा दाखवते, तोही तितक्याच ठणठणीतपणे.

तिसरी गोष्ट आपल्या बायकांच्या रक्ताची. रक्तात लाल पेशी कमी असल्या, की पट्टीवर आलेल्या थेंबात पातळ भाग जास्त येतो आणि यंत्र साखर खरी असते त्यापेक्षा चढी दाखवतं. लाल पेशी जास्त असल्या तर उलट. महागड्या यंत्रांत याची दुरुस्ती केलेली असते, पण तीही ठरावीक मर्यादेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे ज्या रांगेत ग्लुकोमीटर सर्वांत जास्त फसू शकतो, त्याच रांगेत तो सर्वांत जास्त वापरला जातो.

महोदय, इथेच माझ्या पत्राचा गाभा आहे. ‘ग्लुकोमीटर फक्त चाळणीसाठी, निदानासाठी नाही’ असं आपले अधिकारी म्हणतील आणि सर्वसाधारण रुग्णाबाबत ते पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. पण गरोदर बायकांच्या बाबतीत केंद्र सरकारच्याच मार्गदर्शक सूचना ग्लुकोमीटरवर निदान करायला सांगतात. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, दोन तासांनी बोटातून साखर पाहायची, १४० किंवा त्याहून जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह. पोट उपाशी असण्याचीही गरज नाही. या पद्धतीमागे चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांचा मोठा आग्रह होता आणि तो समंजस होता. आरेतल्या पाड्यावरून बस पकडून येणाऱ्या गरोदर बाईला ‘उद्या उपाशी या’ म्हटलं, तर ती परत येत नाही, हे प्रसूतिगृहात काम केलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

पण मग त्या १४० चं गणित करून पाहा. पंधरा टक्क्यांच्या हिशेबाने यंत्र ११९ दाखवेल किंवा १६१. बाईचं हिमोग्लोबिन आठ असेल तर आकडा आणखी वर. पट्टी ओलसर असेल तर कुठे जाईल सांगता येत नाही. खोटा चढा आकडा आला तर आधीच रक्त कमी असलेल्या, वजन न भरणाऱ्या बाईला आपण भात-पोळी कमी करायला सांगतो. खोटा उतरता आला तर बाळ पोटात प्रमाणाबाहेर वाढतं, बाळंतपण अवघड होतं आणि जन्मल्यावर बाळाची साखर झपकन खाली येते. दोन्हीकडे मोजावी लागणारी किंमत दहा ग्रॅम भेंडीची नाही. त्या सूचनांत यंत्र वेळोवेळी पडताळून घ्यायलाही सांगितलं आहे. माझा प्रश्न तेवढाच आहे : उपनगरांतल्या आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहात ती पडताळणी होते का, आणि होत असेल तर तिची नोंद कुठे पाहायला मिळेल?

‘मग सगळे नमुने लॅबला पाठवू’ हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण ते पुरतं नाही. नळीत घेतलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर खोलीच्या तापमानाला तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरते. म्हणून करड्या झाकणाची फ्लोराइडची नळी वापरायची. पण फ्लोराइडलाही पकड घ्यायला तास-दीड तास लागतो. सकाळी नऊला घेतलेला नमुना एलबीएस मार्गावरच्या गर्दीतून दुपारी एकला लॅबमध्ये पोचला, तर त्याचा आकडाही गंगाजळ नव्हे. म्हणजे प्रश्न ‘यंत्र की लॅब’ असा नाहीच. बोट, पट्टी, यंत्र, हात, नळी, वेळ या साखळीतली प्रत्येक कडी कुणीतरी तपासते का, हा आहे.

ती तपासली तर हेच यंत्र केवढं काम करतं, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत, हे २०२३ मध्ये ज्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने सांगितलं, तो बोटातल्या थेंबावर, ग्लुकोमीटरवरच झाला. पण त्यात दर पाचव्या माणसाचं शिरेतलं रक्तही घेतलं गेलं. ग्लुकोज प्यायल्यावर बोटातल्या रक्तात साखर शिरेपेक्षा जास्त असते, हे धरून निदानाची रेषा २०० ऐवजी २२० वर ठेवली गेली. गल्लोगल्लीच्या शिबिरात आणि त्या अभ्यासात यंत्र एकाच जातीचं. फरक शिस्तीचा.

आणि ही शिस्त महापालिकेला नवी नाही. पावसाळ्यात डेंग्यूचं काय होतं ते पाहा. रॅपिड किटवर दोन रेघा उमटल्या, तरी राष्ट्रीय कार्यक्रमाच्या सूचनांप्रमाणे तो रुग्ण ‘संभाव्य’च राहतो. एलायझा चाचणीत आल्याशिवाय तो ‘डेंग्यूचा’ म्हणून मोजला जात नाही. रॅपिड किट हाही बायोसेन्सरचाच सख्खा चुलतभाऊ, फक्त तिथे एन्झाइमऐवजी अँटिबॉडी ओळख पटवते. मग जो नियम डासाच्या आजाराला लागू आहे, तो साखरेला का नसावा? डेंग्यू आठ दिवसांत जातो. शुगरचा शिक्का बसला की जन्मभर पुसत नाही. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, विम्याच्या अर्जात, मुलीच्या लग्नाच्या बोलणीत तो मागे मागे येतो.

दुसरं टोकही याच उपनगरांत आहे. अंधेरीच्या लोखंडवाला भागात दंडावर चौदा दिवसांचा सेन्सर चिकटवून मोबाइलवर साखरेचा आलेख पाहणारी, मधुमेह नसलेली तरुण मंडळी दिसतात. इन्शुलिन घेणाऱ्या मुलासाठी तो सेन्सर वरदान आहे, यात वाद नाही. पण तो रक्तातली नव्हे, पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो, आणि झोपेत दंड अंगाखाली दबला तर उगाच खाली आलेला आकडा दाखवतो. सुई न टोचता मनगटावरून साखर सांगणाऱ्या घड्याळांबद्दल तर अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्येच लोकांना सावध केलं : असं एकही घड्याळ वा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. तरीही तशी घड्याळं ऑनलाइन आणि स्टेशनबाहेर मिळतात. हौशी लोकांचं ते बघून घेतील. ज्यांना दुसरा आकडा विकत घेता येत नाही, त्यांचा पहिला आकडा बरोबर असणं ही महापालिकेची जबाबदारी आहे.

यात आपल्याला एक मोठी सोय आहे, जी देशातल्या फार थोड्या महापालिकांना असेल. पवईची आयआयटी आपल्या एस वॉर्डात आहे. तिथल्या प्रा. रोहित श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेतून ‘सुचेक’ हा स्वस्त देशी ग्लुकोमीटर आला आणि मुंबई परिसरातल्याच बायोसेन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या साथीने जानेवारी २०१४ मध्ये आयसीएमआरच्या पुढाकाराने तो लोकांपुढे ठेवला गेला. पट्टी दोन ते चार रुपयांत मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. त्याच कंपनीचं ‘युचेक’ मोबाइलच्या कॅमेऱ्याने लघवीच्या पट्टीचे रंग वाचायचं. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कंपनीला पत्र धाडलं : पट्ट्यांना मान्यता आहे, पण ती फक्त डोळ्याने वाचण्यासाठी. वाचणारा बदलला की सगळी चाचणीच नवी झाली आणि ती नव्याने सिद्ध करावी लागेल. त्या पत्रातला तर्क आपल्या कामाचा आहे. टेंडरमध्ये यंत्र एका कंपनीचं ठरतं, पुढच्या वर्षी पट्टी बदलते, वापरणारे हात दर महिन्याला बदलतात. प्रत्येक बदलानंतर ‘ही चाचणी अजून तीच आहे ना’ हे विचारायला हवं. पवईच्या संशोधकांना खरे रुग्ण, खरी आर्द्रता, खरी गर्दी हवी असते. घाटकोपरचं राजावाडी आणि मुलुंडचं अगरवाल रुग्णालय तिथून फार लांब नाही. या दोघांची गाठ घालून देणं आपल्या एका सहीचं काम आहे.

आता मागण्या, आणि त्या खर्चाच्या नाहीत.

पहिली : प्रत्येक ग्लुकोमीटरबरोबर कंट्रोल सोल्युशन येतं किंवा मागवता येतं. त्यात साखर किती ते ठरलेलं असतं आणि त्याचा आकडा कोणत्या टप्प्यात यायला हवा, ते पट्टीच्या डबीवर छापलेलं असतं. दिवसाच्या सुरुवातीला आणि नवी डबी फोडताना एक थेंब त्याचा टाकायचा, आकडा नोंदवहीत लिहायचा, टप्प्यात नसेल तर ते यंत्र त्या दिवशी बाजूला. डबी उघडल्याची तारीख डबीवर पेनाने लिहायची. हे दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी : महिन्यातून एकदा प्रत्येक दवाखान्यातल्या काही रुग्णांचं बोटातलं आणि शिरेतलं रक्त एकाच वेळी घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या लॅबशी ताडून पाहायचं. पश्चिमेला कूपर आणि भगवती, पूर्वेला राजावाडी आणि अगरवाल, असे वाटे सहज पाडता येतील. लॅबने स्वतःही बाहेरच्या गुणवत्ता योजनेत भाग घ्यावा. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज तशी योजना कित्येक वर्षं चालवतं.

तिसरी : लक्षणं नसलेल्या माणसाला बोटातल्या एकाच आकड्यावर गोळी सुरू होऊ नये. चिठ्ठीवर ‘संशयित’ असं छापावं आणि आठवड्याच्या आत शिरेतल्या रक्ताची तपासणी त्याच दवाखान्यात, फुकट आणि ठरलेल्या दिवशी व्हावी. साखर तीनशे-चारशे आहे, वजन उतरतंय, तहान भागत नाही, अशा रुग्णाला अर्थातच थांबवू नये.

चौथी : गरोदर बाईच्या कार्डावर साखरेचा आणि हिमोग्लोबिनचा आकडा शेजारी शेजारी लिहावा. हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा साखर १४० च्या आसपास घुटमळत असेल, तर शिरेतलं रक्त घेऊनच ठरवावं. हा नियम प्रसूतिगृहाच्या भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत असावा.

पाचवी : खरेदीच्या टेंडरमध्ये सर्वांत कमी दराबरोबर तीन अटी घालाव्यात. यंत्र १५१९७ मानकाचं हवं, किती लाल पेशींपर्यंत ते खरं बोलतं ते लेखी हवं आणि कंट्रोल सोल्युशन त्याच दरात पुरवलं पाहिजे. माल आल्यावर आपल्याच लॅबने तो तपासल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये.

सहावी : गणेशोत्सव आणि नवरात्रात मांडवाची परवानगी वॉर्ड ऑफिसच देतं. शिबिर असेल तर त्याच अर्जावर एक ओळ वाढवावी : जबाबदार डॉक्टर कोण, हात धुवायला पाणी-साबण कुठे आणि जास्त आकडा आलेल्याला कोणत्या दवाखान्यात पाठवणार.

आपण म्हणाल, शहरभर हे एकदम कसं होणार? नका करू. एन वॉर्ड घ्या. घाटकोपरचे दवाखाने, एक प्रसूतिगृह आणि राजावाडीची लॅब यांत येत्या पावसाळ्याचे चार महिने हे करून पाहा आणि किती यंत्रं टप्प्याबाहेर गेली, किती ‘शुगरचे पेशंट’ शिरेच्या तपासणीत सुटले, किती निसटलेले सापडले, हे आकडे महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका. ते चांगले आले, तर मी जाहीरपणे आपलं अभिनंदन करीन आणि लोकांना सांगेन की पालिकेच्या दवाखान्यात बिनधास्त बोट पुढे करा. वाईट आले, तर निदान दुरुस्ती कुठे करायची ते कळेल. तोवर ज्या टेबलावर पडताळणीची नोंदवही नाही, त्या टेबलावरच्या आकड्यावरून कुणालाही जन्माची गोळी आणि कुठल्याही गरोदर बाईला अर्धं ताट देऊ नका, एवढा आदेश आपण उद्याच काढू शकता.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
मुलुंड पूर्व, टी वॉर्ड